दोन नंबरची पेटी

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग जरा लाज वाटते. हसू येतं ते आम्ही पोलिसांनी भर दुपारी, पंचांसमक्ष, सरकारी माल जमिनीवर आपटला त्याचं. लाज वाटते ती एका खरं बोलणाऱ्या मुलीला मी पहिले दोन दिवस खोटारडी समजत होतो याची.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. दुष्काळाचं साल होतं. ठाण्याच्या हौदात टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, आणि आला की फिर्यादी, आरोपी आणि पोलीस एकाच रांगेत घागरी धरून उभे राहायचे. पण गावात त्या दिवसांत उत्साह वेगळाच होता. आपला तालुका आता नवा जिल्हा होणार, अशी हवा उठली होती. शासनाचा कसलाही कागद आला नव्हता, तरी जो तो तयारीला लागला होता. आमच्या ठाण्यानंही भिंती रंगवायला काढल्या आणि नव्या पाट्यांसाठी धर्माबादकडचा एक पेंटर आणला. तो दिवसभर व्हरांड्यात बसून 'पोलीस' शब्दातला 'स' वळवत असायचा.

याच धामधुमीत आमच्या एका तुकडीला नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या जंगल भागात निवडणुकीच्या बंदोबस्ताला जाण्याचा आदेश आला. निघायच्या पाच दिवस आधी शस्त्रं तपासली, तेव्हा दोन नंबरच्या पेटीतली सात मॅगझिनं तडकलेली निघाली.

मॅगझिन म्हणजे रायफलीच्या पोटाखाली बसणारी काडतुसांची डबी. जुन्या रायफलींची मॅगझिनं लोखंडी पत्र्याची असत. या नव्या रायफलींची चहाच्या रंगाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची होती. आत किती काडतुसं उरली ते बाहेरून दिसायचं. पण डबीच्या तोंडाच्या कडा तडकल्या की काडतूस वाकडं वर चढतं आणि रायफल अडकते. जंगलात ऐन वेळी रायफल अडकली तर काय होतं, हे मी सांगायला नको.

शस्त्रागार एका जुन्या जमादारांकडे होतं. आमच्याकडे हवालदाराला लोक अजून जमादारच म्हणतात. अतिशय शिस्तीचा माणूस. निवृत्तीला काही महिने उरलेले. त्यांनी त्याच दिवशी लेखी अहवाल दिला. दोन नंबरची पेटी आठवड्यापूर्वी गोळीबाराच्या सरावासाठी बाहेर गेली होती. ती एका महिला शिपायाच्या सहीनं गेली आणि तिच्याच सहीनं परत आली. मॅगझिनं तिनं निष्काळजीपणे, 'किंवा बंदोबस्त टळावा म्हणून हेतुपुरस्सर' आपटली असावीत.

'हेतुपुरस्सर' हा शब्द वाईट. मुलगी नोकरीत नवी होती, परिवीक्षेचा काळ संपायला एक महिना बाकी होता. असा शेरा कायम झाला असता तर तिला घरी जावं लागलं असतं. अधीक्षक साहेबांनी प्राथमिक चौकशी माझ्याकडे दिली. मुदत, तुकडी निघायच्या आत.

मी तिला जबाबासाठी बोलावलं. ताठ उभी राहिली. डोळे सुजलेले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"मॅगझिनं तू आपटलीस?"

"न्हाई साहेब. एक पडलं माझ्या हातून. भरलेलं. गुडघ्याएवढ्या उंचीवरनं. बाकीच्याला मी काहीच केलं न्हाई."

"ते पडताना कुणी पाहिलं?"

"कुणीच न्हाई."

"बंदोबस्ताला जायचं नव्हतं तुला?"

आता मात्र ती चिडली. "साहेब, माझं गावच किनवटच्या जंगलात हाय. तिथल्या वसतिगृहात राहून शिकले मी. माय एकटी ऱ्हाती तिथं. पाच महिने झाले, तिला बघितलं न्हाई. यादी करायले तवा सगळ्यात आधी मीच नाव देलं. बघा की यादी."

मी यादी काढून पाहिली. पहिलं नाव तिचंच होतं. इथंच मला शहाणपण सुचायला हवं होतं. ज्या मॅगझिनबद्दल कुणी विचारलं नव्हतं, कुणी पाहिलं नव्हतं, ते पडल्याचं ती आपणहून सांगत होती. खोटं बोलणारा माणूस आपल्या अंगावर जास्तीचा दोष ओढून घेत नाही. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीनं मन राठ झालेलं असतं. एक कबूल करते म्हणजे सात लपवते, असा सोपा हिशेब मी मनाशी केला.

ठाण्यातल्या जुन्या लोकांचा निकाल तर त्याहून सोपा होता. चहाच्या वेळी जमादार म्हणाले, "साहेब, लोखंड ते लोखंड. पिलास्टिकचा काय भरोसा? घागर घ्या पिलास्टिकची, उन्हाळाभर टिकती का? त्यात पोरीनं आपटली. मग काय ऱ्हातंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर तक्रार घेऊन आला. हातात थिनरचा डबा.

"साहेब, पोलीस ठाण्यात चोरी हून राहिली."

"काय गेलं?"

"थिनर. भरलेला डबा व्हता, अर्धा ऱ्हायला. आता हवेत उडून राहिला का कोन पिऊन राहिलं, मला काय ठाव! मी तुमच्या पाटीवरचा 'स' कशानं पातळ करू?"

सगळे हसले. मीही हसलो आणि त्याला हाकलून दिलं. सात तडकलेल्या मॅगझिनांपुढे अर्धा डबा थिनर म्हणजे काय प्रकरण! त्यानं जाता जाता ठाणे अंमलदाराकडे नोंद करायला लावली, हे माझं नशीब.

दोन दिवस मी नुसते जबाब लिहीत होतो. मग वाटलं, वस्तूच समोर आहे, तिलाच विचारावं. प्लॅस्टिक खरंच इतकं नाजूक असेल तर तो दोष मुलीचा नाही. आणि मजबूत असेल, तर सात तडकवायला तिनं घणच मारायला हवा होता. मी अधीक्षक साहेबांना फोन केला आणि काही मॅगझिनं आपटून पाहण्याची परवानगी मागितली.

"सरकारी माल आपटायची परवानगी मागणारे तुम्ही पहिलेच," साहेब म्हणाले. "लेखी पाठवतो. पंच घ्या. आणि काय होतं ते मलाही कळवा."

दुपारी ठाण्यामागच्या सिमेंटच्या ओट्याजवळ आम्ही जमलो. दोन पंच, मी, जमादार आणि ती मुलगी. तिला मी मुद्दाम बोलावलं होतं. जिच्यावर आरोप आहे तिच्यासमोर पुरावा घ्यावा. मॅगझिनं सरावाच्या खोट्या काडतुसांनी भरली. भिंतीवर कमरेच्या उंचीला खडूनं रेघ मारली. तिथून, तोंड खाली करून, एकेक सोडायचं ठरलं.

आधी लोखंडी. पहिल्यांदा टणकन वाजलं, काही झालं नाही. चौथ्या वेळी तोंडाची कड आत दबली आणि काडतूस वर येईना. जमादारांचा चेहरा पडला.

मग एक नंबरच्या पेटीतलं प्लॅस्टिकचं. पडलं, उसळलं, बाजूला जाऊन थांबलं. पुन्हा सोडलं. दहा वेळा सोडलं. ओरखडे उठले, पण तडा नाही. त्याच पेटीतलं दुसरं घेतलं. तेही तसंच. पंचांपैकी एक गुरुजी होते, ते शाळेतल्यासारखे मोठ्यानं आकडे म्हणू लागले. ठाण्यातले लोक कामं टाकून मागे येऊन उभे राहिले. कोठडीच्या मागच्या खिडकीतून दारूच्या केसमधला एक आरोपीसुद्धा विचारत होता, "फुटलं का हो?"

"आता दोन नंबरची पेटी आणा," मी म्हणालो.

त्या पेटीतलं एक धडधाकट दिसणारं मॅगझिन घेतलं. पहिल्याच पडण्यात 'टक्' असा कोरडा आवाज झाला आणि तोंडापासून खालपर्यंत तडा गेला. दुसरं घेतलं. तेच. कारखाना तोच, साल तेच, उंची तीच, ओटा तोच. फरक फक्त पेटीचा.

मुलीनं ते फुटलेलं मॅगझिन उचललं आणि उन्हाकडे धरलं. "साहेब, हे बघा की. आतून बारीक जाळी हाय." खरंच, प्लॅस्टिकच्या अंगात पांढऱ्या केसांएवढ्या बारीक रेघा दिसत होत्या. मग ती पेटीवर वाकली. "अन् ह्याला वास येऊन राहिला. पेंटरच्या डब्याचा."

मी वास घेतला. थिनर! पेंटरनं नोंदवलेली तक्रार लगेच आठवली.

पेंटरला व्हरांड्यातून बोलावलं. त्याच्या हाताला निळा रंग लागलेला होता. मॅगझिन हातात देऊन विचारलं, "याला काय झालं असेल?"

त्यानं एकदा पाहिलं आणि लगेच म्हणाला, "थिनर लागला ह्याला. असल्या काचेवानी पिलास्टिकला थिनर म्हंजे जहर. म्हून तर मी पत्र्याच्या डब्यात ठेवतो. आन् काय हो साहेब, माझा थिनर हितं कसा आला?"

मी जमादारांकडे वळलो. आवाज चढवला नाही. त्या माणसावर आवाज चढवायची कधी वेळच आली नव्हती.

"जमादार, दोन नंबरची पेटी शेवटी कशानं पुसली?"

"थिनरनं, साहेब," ते अभिमानानं म्हणाले. "सरावाहून पेटी आली तवा तपासणी येऊन राहिली व्हती ना. एरवी साबणाच्या पाण्यानं पुसतो. पण पाणी कुठं हाय? प्यायला न्हाई, मॅगझिनला कुठून आणू? पेंटरचा थिनर दिसला. एका हातात आरशावानी झाली. एक नंबरची बी करणार व्हतो, पण..."

ते थांबले. हातातल्या फडक्याकडे, मग त्या मुलीकडे त्यांनी पाहिलं. मग ओट्यावर बसकण मारली.

"म्हंजे मीच की," ते म्हणाले. "अन् कागद पोरीच्या नावानं लिवला."

खात्री म्हणून एक नंबरच्या पेटीतलं एक चांगलं मॅगझिन पंचांसमोर थिनरनं पुसलं, भरलं आणि सीलबंद करून माझ्या टेबलावर ठेवलं. भरलेल्या मॅगझिनमध्ये आतली स्प्रिंग तोंडाच्या कडांवर सतत जोर देत असते. दोन नंबरची मॅगझिनंही बंदोबस्तासाठी भरूनच ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सील तोडलं, तर कुणी हात न लावता कडेला तडा गेलेला! मी इतक्या मोठ्यानं हसलो की ठाणे अंमलदार धावत आत आला.

पुढचं जमादारांनीच केलं. हजेरीला सगळे रांगेत उभे असताना ते पुढे आले. जबाब त्यांनी आदल्या दिवशीच लिहून दिला होता, एकही शब्द न लपवता. त्या मुलीसमोर उभे राहिले आणि टाच आपटून त्यांनी तिला कडक सलाम ठोकला. जमादारानं शिपायाला सलाम करायचा, हे कोणत्याही नियमात बसत नाही.

मुलगी घाबरून इकडेतिकडे पाहू लागली. "जमादार काका, हात खाली घ्या की! न्हाई तर आता मला खरीच नोटीस येईल."

रांग मोडली. हसण्याच्या आवाजानं रस्त्यावरचे लोक आत डोकावले. अधीक्षक साहेबांनी जमादारांना लेखी ताकीद देऊन विषय मिटवला, आणि शस्त्रागाराच्या सफाईसाठी टँकरमधल्या दोन घागरी राखून ठेवायचा आदेश काढला. पेंटरला त्याचा थिनर भरून मिळाला. तो मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला की तपास त्यानंच लावला. फार खोटं नव्हतं ते.

तुकडी ठरल्या दिवशी किनवटला गेली. जिल्हा मुख्यालयातून बदली मॅगझिनं मिळाली होती. तुकडीचा प्रमुख म्हणून मीही होतो, आणि जमादार हट्टानं सोबत आले होते. बंदोबस्त शांततेत पार पडला. मतपेट्या सुखरूप रवाना झाल्यावर, दुपारच्या वेळी एक बाई पायवाटेनं आमच्या मुक्कामाच्या शाळेकडे आल्या. डोक्यावर भाकरीची पाटी. मुलगी गणवेशात होती, हातात रायफल होती, म्हणून जागची हलली नाही. पण चेहरा असा फुलला की ओळख करून द्यायची गरज उरली नाही.

"जयभीम, साहेब," बाई म्हणाल्या. पाटी खाली ठेवली आणि लेकीकडे न बघता आधी माझ्याकडे आल्या. "पोरीवर काई बालंट आलं व्हतं म्हनं. फोनवर लई रडली. गेलं का ते?"

"गेलं, बाई."

"कागदावरनं बी गेलं?"

"कागदावरनंही. मीच लिहिलंय. कसूर आढळून येत नाही."

"आनिक एकदा म्हना."

मी पुन्हा म्हणालो. त्यांनी मान हलवली, जणू प्रत्येक शब्द तपासून घेतला. मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "आता ती बंदूक कुनाच्या तरी हाती दे अन् जेवायला बस." जमादारांनी पुढे होऊन रायफल आपल्या हातात घेतली. आम्ही सगळे पळसाच्या झाडाखाली बसलो. ज्वारीची भाकरी, तिळाची चटणी आणि कांदा. त्या दुष्काळात त्या बाईनं एवढ्या भाकऱ्या कशा थापल्या, कोण जाणे. एकही उरली नाही.

पोलिसाला पहिल्या दिवसापासून 'कुणी केलं' हे शोधायला शिकवतात. या प्रकरणानंतर मी आधी 'काय झालं' ते विचारू लागलो. माणसाकडे बोट दाखवण्याआधी वस्तू हातात घेऊन पाहू लागलो. किरकोळ वाटणाऱ्या तक्रारीची नोंद स्वतः वाचू लागलो. यानं काही तपास लांबले, वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. पण एक गोष्ट कळली. आमच्या नोकरीत गुन्हेगार सापडला की समाधान मिळतं. माणूस निर्दोष निघाला की मात्र पोट भरतं, आणि तसं जेवण वाट्याला येण्यासाठी पोलिसानं थोडी जास्त मेहनत घ्यायला काहीच हरकत नाही.