शिट्टीबाईंची पिशवी

शिट्टीबाईंना सगळी शाळा घाबरते असं लोक म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! बाईंचा आवाज खणखणीत, गळ्यात लाल दोरीची शिट्टी, आणि सरावाला उशिरा आलेल्या पोरीकडे त्या अशा बघायच्या की पोरगी न सांगता मैदानाला फेऱ्या मारायला लागायची. पण खरं सांगायचं तर त्या शाळेत बाईंइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं. फोन वाजला की त्या आधी दचकायच्या, मग उचलायच्या. मुख्याध्यापिकांचा शिपाई दारात दिसला की हातातलं काम तसंच राहायचं. नोकरी हंगामी होती ना. दर वर्षी परीक्षा संपल्या की मुख्याध्यापिका बोलावून "पुढच्या वर्षी या हं" म्हणायच्या, आणि ते कानावर पडेपर्यंत बाईंना घास गोड लागायचा नाही.

बाई मोठ्या वर्गातल्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवायच्या. स्वतः एके काळी चांगल्या खेळायच्या. एका सामन्यात गुडघा दुखत होता, पण सांगायची हिंमत झाली नाही. सर रागावतील, पुढच्या वेळी घेणारच नाहीत, असं वाटलं. खेळल्या, उडी मारली, आणि गुडघ्याचं जे व्हायचं ते झालं. अजून जिना चढताना तो कटकट वाजतो. बाई त्याला "माझं घड्याळ" म्हणायच्या आणि हसायच्या, पण तो दिवस काही त्या विसरल्या नव्हत्या.

म्हणून त्यांनी पिशवी सुरू केली. कपडे बदलायच्या खोलीत खुंटीवर एक हिरवी कापडी पिशवी टांगलेली असायची. प्रत्येक मुलीच्या मनगटाच्या बँडवर तिचा नंबर शिवलेला. सामन्याआधी जिला खेळायचं नसेल तिनं गुपचूप आपला बँड पिशवीत टाकायचा. बस, एवढंच. बाई तिला बाकावर बसवणार. का, ते विचारणार नाहीत. घरी, शाळेत, कुणालाही सांगणार नाहीत. कुणी जाब विचारलाच तर म्हणणार, "माझा निर्णय."

"अहो, पोरी सोकावतील," गणिताच्या सरांनी सांगून पाहिलं. कसल्या सोकावतात! त्या वयाच्या पोरींना बाकावर बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच. पिशवीत बँड क्वचित पडायचा. कुणाच्या पोटात कळा येत असायच्या, कुणाची आजी दवाखान्यात असायची. पुढच्या सामन्याला पोरगी परत मैदानात. पोरींचा त्या पिशवीवर देवासारखा विश्वास होता.

मग एका वर्षी शिडीचा बँड पिशवीत पडायला लागला.

शिडी म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी. नेटपाशी उडी मारली की चेंडू समोरच्यांच्या पायाशी आदळायचा आणि समोरच्या पोरी नुसत्या बघत राहायच्या. अशी पोरगी सामन्याच्या दिवशी बाकावर! एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. बाईंनी नियम पाळला, विचारलं नाही. पण त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. शिडीचे वडील बाहेरगावी कामाला गेलेले असले की बँड मनगटावर असायचा आणि शिडी हवेत. वडील पहिल्या रांगेत बसलेले असले की बँड पिशवीत.

वडिलांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या, दारांच्या, दुकानांच्या काचा बसवायचे. बोटांना कायम कुठे ना कुठे चिकटपट्टी. सगळे त्यांना काचवाले म्हणायचे. शाळेच्या व्यायामशाळेच्या काचा त्यांनीच फुकट बसवून दिल्या होत्या आणि पालकांच्या समितीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या बापांना बाई पुरून उरल्या असत्या. हे हळू बोलायचे. इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागायचं.

"बाई, माझी मुलगी का बसते?" पहिल्यांदा त्यांनी विचारलं ते असंच, फाटकापाशी.

"माझा निर्णय आहे," बाई म्हणाल्या.

"असेल ना. कारण सांगा म्हणजे झालं."

बाईंनी कारण सांगितलं नाही. काचवाल्यांनी मान हलवली, आणि त्यांची पांढरी व्हॅन, दोन्ही बाजूंना काचा ठेवायचे लाकडी सांगाडे लावलेली, बाई रस्त्याला लागेपर्यंत फाटकाशी उभी राहिली.

शेवटी शिडीनंच सांगितलं. चेंडूंत हवा भरायची म्हणून ती सामानाच्या खोलीत आली होती. पंप मारता मारता, बाईंकडे न बघता म्हणाली, "मी खेळले ना बाई, की घरी जाईपर्यंत गाडीत माझ्या चुका असतात. मग जेवताना. मग सकाळी दात घासताना. मी बसले की तुमच्या असतात." जरा थांबून ती म्हणाली, "सॉरी."

बाईंनी खोलीचं दार लोटून घेतलं. "मारतात का गं?"

"छे! हातसुद्धा लावत नाहीत. नुसतं सांगत राहतात. माझ्या भल्यासाठी." पंप थांबला. "तुम्ही बाबांना सांगणार नाही ना?"

"नाही सांगणार. असू देत माझ्या चुका. माझी पाठ रुंद आहे," बाई म्हणाल्या, आणि त्या क्षणी त्यांना ते अगदी मनापासून वाटलं. पोरीचा इतका लळा त्यांना कधी लागला नव्हता आणि तिच्या बापाचा इतका संताप कधी आला नव्हता. त्या भरात त्या घरापर्यंत ताठ मानेनं चालत गेल्या. कोपऱ्यावर मागे वळून बघितलं तर पांढरी व्हॅन हळूहळू मागून येत होती.

झालं! पाठ रुंद वगैरे सगळं तिथंच गळालं.

त्यानंतर व्हॅन अधूनमधून दिसायला लागली. भाजीच्या दुकानासमोर. बसथांब्यापाशी. एकदा बाई औषधं घेऊन बाहेर पडल्या तर काचवाले दाराशीच.

"तुमचं घर ते कोपऱ्यावरचं ना, वरच्या मजल्यावर?" ते म्हणाले. "रस्त्याकडच्या खिडकीची काच तडकलीये बघा. बदलून घ्या. तडकलेली काच कधी खाली येईल, सांगता येत नाही."

यात धमकी कुठे होती, सांगा! काचवाला काचेचंच बोलणार. पोलिसात जाऊन सांगायचं काय, की हा माणूस माझ्या खिडकीची काळजी करतो? घरी येऊन त्यांनी आधी पडदा ओढला. त्यांची म्हातारी आई म्हणाली, "अगं, दिवसाउजेडी कसला पडदा? मला दाणे निवडायचेत, दिसेना." बाई म्हणाल्या, ऊन येतंय. ऊन कुठलं, आभाळ आलं होतं.

शाळांच्या स्पर्धेचा अंतिम सामना आठवड्यावर आला. एका संध्याकाळी बाई सराव संपवून घरी आल्या तर पडदा सताड उघडा, आणि आई खुर्ची खिडकीशी ओढून मजेत बसलेली.

"किती गुणी माणूस पाठवलास गं!" आई म्हणाली. "तासाभरात नवी काच बसवून गेला. खालचा कचरासुद्धा स्वतः झाडला. चहा घेतला माझ्यासोबत. तुझी फार चौकशी करत होता. तू कधी निघतेस, कधी येतेस, मी दिवसभर एकटीच असते का... पैसे विचारले तर म्हणाला, बाईंचं नि माझं ठरलंय."

बाई खिडकीपाशी गेल्या. समोर नवी कोरी काच, डाग नाही की चरा नाही. त्या माणसानं त्यांच्या घरात येऊन, त्यांच्या कपातून चहा पिऊन, त्यांच्या आईशी गप्पा मारल्या होत्या.

"मी कुणाला पाठवलं नव्हतं, आई."

"मग कोण होता?"

आता काय सांगणार? "शाळेतले आहेत," बाई म्हणाल्या, "पण मी नसताना दार उघडू नकोस." आईचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून म्हातारी दाराच्या आवाजालाही दचकायला लागली, लेकीसारखीच.

दुसऱ्याच दिवशी शिपाई आला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत पंखा सुरू होता तरी बाईंना घाम फुटला.

"तुमचं काम चांगलं आहे हो," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पण ती उंच मुलगी अंतिम सामन्याला खेळली पाहिजे. पालक नाराज आहेत. पुढच्या वर्षीचं मला समितीला विचारूनच ठरवायचं असतं, तुम्हाला माहीतच आहे. काही अडचण आहे का?"

इकडे आड, तिकडे विहीर! सांगावं तर पोरीला दिलेला शब्द जातो, आणि बापाला कळलं की गाडीत काय होईल ते वेगळंच. न सांगावं तर नोकरी. शिवाय ती काच, आणि घरात एकटी आई. बाईंनी तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर आलं ते त्यांचं त्यांनाच ऐकवेना.

"नाही मॅडम. काही अडचण नाही."

अंतिम सामन्याच्या दिवशी बाईंनी पिशवीत हात घातला. मनातल्या मनात त्या म्हणत होत्या, नसू दे रे बाबा, आजच्या दिवस नसू दे. बोटांना बँड लागला. शिडीचाच.

खोलीत सगळ्या पोरी बुटांच्या नाड्या बांधत होत्या. बाई शिडीजवळ गेल्या, बँड तिच्या मांडीवर ठेवला आणि हळू, अगदी हळू म्हणाल्या, "आज खेळावं लागेल गं."

शिडीनं वर बघितलं. रडली नाही, हुज्जत घातली नाही. बँड मनगटावर चढवला, बस. पण खोलीतला आवाज एकदम थांबला होता. पोरींच्या नाड्या अर्ध्या बांधलेल्या तशाच, आणि सगळ्या बाईंकडे बघत होत्या.

शिडी काय खेळली म्हणता! पोरगी नव्हेच ती, वादळ. एक सर्व्हिस तेवढी नेटमध्ये गेली, बाकी समोरच्या संघाला तिनं उभं राहू दिलं नाही. संघ जिंकला. मुख्याध्यापिका टाळ्या वाजवत होत्या, गणिताचे सर बाकावर चढले होते. काचवाले गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी बाईंचा हात धरला. त्यांचे डोळे खरोखर ओले होते.

"मी म्हणत नव्हतो, बाई?" ते म्हणाले. "फक्त ती सर्व्हिस."

गर्दी पांगली. बाई चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून फाटकाकडे निघाल्या तर पांढरी व्हॅन अजून तिथंच होती. इंजिन बंद. काचवाले स्टिअरिंगवर हात ठेवून बोलत होते. एक हात वर जायचा, नेट दाखवायचा, खाली यायचा, पुन्हा वर जायचा. शिडी शेजारी बसली होती, गळ्यात पदक, नजर समोरच्या भिंतीवर. बाईंना ऐकू काही येत नव्हतं. तो हात मात्र पुन्हा पुन्हा तीच एक सर्व्हिस दाखवत होता.

बाई व्हॅनपर्यंत गेल्या. काचेवर टकटक करायला त्यांनी बोट वाकवलं. आत शिडीनं त्यांना पाहिलं आणि अगदी थोडीशी मान हलवली, नको म्हणून. तिनं नको म्हटलं म्हणून बाई थांबल्या, असं त्या पुढे स्वतःला सांगायच्या. पण बोट त्याआधीच खाली आलं होतं.

मुख्याध्यापिकांनी या वेळी परीक्षांची वाटसुद्धा पाहिली नाही. "पुढच्या वर्षी या हं," जिन्यातच म्हणाल्या. पांढरी व्हॅन मागून येईनाशी झाली. सुंठेवाचून खोकला गेला म्हणावं, तर बाईंना झोप लागेना.

पुढचा सामना शेजारच्या शाळेशी होता, साधाच, मैत्रीचा. बाईंनी सवयीनं पिशवीत हात घातला. रिकामी. चांगलं लक्षण म्हणायचं! मग त्यांचं लक्ष संघातल्या सगळ्यात बुटक्या मुलीकडे गेलं. तिला सगळे चिमणी म्हणायचे. ती उजवा पाय उचलून उचलून टाकत होती, आणि मोजा घोट्यावर टम्म फुगला होता.

"चिमणे, पाय दुखतोय ना?"

"नाही बाई."

"अगं, सुजलाय! बँड टाक पिशवीत. मी कुणाला सांगणार नाही."

चिमणीनं आधी शिडीकडे बघितलं. मग बँड घातलेला हात पाठीमागे नेला आणि शहाण्या मुलीसारखी हसली.

"नाही बाई. काही अडचण नाही."

आपलेच शब्द परत ऐकून बाई दचकल्या. चिमणीला त्यांनी बाकावर बसवलंच, तिची सूज डोळ्यांना दिसत होती म्हणून. पण बाकीच्या? त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. "आणखी कुणाला काही होतंय? कुणालाही? सांगा गं, बाळांनो."

"काही अडचण नाही, बाई," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. शिडीसुद्धा.

बाहेर पहिल्या रांगेत काचवाले येऊन बसले होते. पंचांनी बोलावलं तशा पोरी बँड नीट करत मैदानात पळाल्या, आणि त्यातली कोणती कुठे दुखत असताना पळतेय, ते बाईंना ओळखता येईना.