वाढीव पाटा

अक्का माहेरी परत आली त्या वर्षी मी माझ्या जुन्या व्हॅनमधून शाळेतली पोरं नेत होतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचे यजमान अचानक वारले होते आणि मूलबाळ नव्हतं. सोनपेठजवळच्या आमच्या गावी ती आली ती एक पेटी आणि दोन म्हशी घेऊन. घरात हळूहळू रुळली, सगळी कामं अंगावर घेतली, पण बोलायची नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर. यजमानांचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायची.

दोन वर्षांनी शाळेनं स्वतःची बस घेतली आणि माझी गाडी दारात उभी राहिली. आठवडाभर मी नुसताच तिच्याभोवती फिरत होतो. एका सकाळी अक्का धार काढून आली आणि म्हणाली, "मागची बाकडी काढून टाक. आपण पेंड इकू."

मला आधी समजलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या डोक्यात ते बरेच दिवस असावं. मानवतच्या बाजूला सरकीची पेंड निघते. आमच्याकडं घरोघरी जनावरं, पण पेंड आणायला माणसाला अख्खा दिवस मोडावा लागतो. आपण पोती भरून आणायची आणि आठवडी बाजारात मांडायची. पेंडीतलं तिला कळत होतं. तुकडा मोडून नाकाशी धरला की ताजी का जुनी ते ती सांगायची. हे ती यजमानांकडून शिकली होती, पण तेव्हा तसं बोलली नाही.

मी बाकडी काढली. माझ्या सीटच्या मागचं तेवढं एक ठेवलं. पहिल्याच खेपेला कळलं की गाडी माणसांची आहे, पोत्यांची नाही. आठ पोती टाकली की मागून बसायची. तोंड वर, बूड खाली. संध्याकाळी दिवा लावला तर उजेड रस्त्यावर पडायचा सोडून लिंबाच्या शेंड्यावर पडायचा. खड्ड्यात गेली की मागची चाकं वर घासायची आणि रबराचा वास यायचा. मी म्हणायचो पोती कमी करू. अक्का म्हणायची, बाजारात दुपारीच पेंड संपायली, माणसं हात हलवत परत जायलीत.

शेवटी पाथरीच्या अलीकडं भर उन्हात मागून खाट्कन आवाज आला आणि गाडी एका अंगाला कलली. उतरून वाकून पाहिलं तर मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीचा, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगचा, मोठा पोलादी पाटा मधोमध तुटला होता. आम्ही दोघांनी पोती उतरवून बांधावर लावली. अक्का त्यांच्यावर बसून राहिली आणि मी मिस्त्री शोधायला गेलो.

मिस्त्री म्हातारा होता. त्याच्या बापानं टांग्यांच्या कमानी केल्या होत्या, असं तो पुढं बोलता बोलता सांगायचा. गाडी कशीबशी त्याच्या दुकानात आणली. त्यानं दोन्ही कमानी हातानं चाचपल्या आणि विचारलं, किती पोती टाकता. मी दहा सांगितली.

"चवदा," अक्का म्हणाली. "कवा कवा पंधरा."

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलंच नाही. पुढचं सगळं तो अक्काशीच बोलला.

"बाई, दोन्ही बाजूला एकेक जाड पाटा वाढवतो. पण चवदाच्या वर एक बी पोतं न्हाई. पाट्यानं गाडी उचलंल, ब्रेक थोडेच वाढणार हायत?"

ब्रेकचे लायनर बदलायचे, मागचे टायर जाड घालायचे, शॉकअप नवे टाकायचे, हे त्यानं तिच्याकडून कबूल करून घेतलं आणि मगच जॅक लावला. काम दिवसभर चाललं. अक्का स्टूल ओढून शेजारी बसली. माझी अक्का, जी घरात चार वाक्यं सलग बोलत नव्हती, ती त्याला एकेक विचारत होती. हा पाटा आखूड का, तो लांब का. तो सांगत होता की सगळ्यात लांब पाटा वर, त्याच्याखाली जरा आखूड, त्याच्याखाली आणखी आखूड, अशी उतरंड असते. वजन पडलं की वरचा वाकतो आणि खालच्यांच्या अंगावर भार देतो. एक नवा पाटा त्यानं तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी पेलून पाहिला आणि ग्रीस लागलेले हात पदराला न पुसता तसेच धरून बसली.

निघताना मिस्त्री एवढंच म्हणाला, "भरून चालवाल तर मजेत जाल. रिकामी आदळंल. तेवढं सोसा."

दुसऱ्या दिवशी चौदा पोती भरली. मी मागं जाऊन उभा राहिलो. गाडी सरळ उभी होती. रस्त्यावर अशी चालली की मला स्टेअरिंग वेगळंच वाटायला लागलं. वळणावर झोल नाही, खड्ड्यात घासणं नाही. अक्का खिडकीतून बाहेर बघत होती, पण तिचा चेहरा मला दिसत होता.

बाजारात सगळी पोती खपली आणि परतीच्या वाटेवर मिस्त्रीचं बोलणं खरं झालं. रिकाम्या गाडीचा मागचा भाग नुसता उडत होता. त्या रस्त्याला तेव्हा डांबर नावालाच होतं. पुढच्या सीटवर बसूनही अक्काच्या कमरेत कळ जात होती. दोन बाजार तिनं सोसलं. तिसऱ्या बाजारी आम्ही फाट्यावर आलो तेव्हा तिनं गाडी थांबवायला सांगितली.

फाट्यावर एक मेंढपाळ बाई डोक्यावर बाजाराचं गाठोडं घेऊन उभी होती. त्यांचा कळप दर हिवाळ्याला येलदरीकडून आमच्या भागात उतरायचा आणि कापूस वेचून झालेल्या रानांत बसायचा. तिची एसटी चुकली होती. अक्का उतरून तिच्याकडं गेली.

"बसा माय गाडीत. गाडी रिकामी लय आदळायलीय. तुमच्या वजनानं जरा मऊ चालंल."

ती बाई अक्काकडं बघत राहिली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. आजवर लोकांनी मला दूध मागितलं, खत मागितलं, म्हणाली, वजन कुणी मागितलं न्हाई. ती चढली. एकटीनं काही फरक पडेना, म्हणून अक्कानं पुढं आणखी तिघींना हाका मारून घेतलं. त्या रिकाम्या बारदानांवर ऐसपैस बसल्या आणि गाडी खरंच शांत झाली.

तिथून ते सुरूच झालं. दर बाजारी संध्याकाळच्या आत आम्ही फाट्यावर यायचो तर सात-आठ बायका वाट बघत उभ्या असायच्या. कुणी तिकिटाच्या पैशाची गोष्ट काढली तर अक्का म्हणायची, आमीच तुमच्यावर भार टाकायलाव, तिकीट कशाचं. बायका गाडीशी येऊन विचारायच्या, आज आमची गरज हाय का? कुणी मूठभर हरभरा ठेवून जायची, कुणी वांगी. अक्का पुढची सीट सोडून मागं त्यांच्यात बसायला लागली. मला पुढं नुसते आवाज ऐकू यायचे, आणि त्यांत अक्काचा आवाज वाढत चालला होता.

त्या हिवाळ्यातली एक खेप मी विसरलो नाही. त्या दिवशी मागं दोघीच उरल्या होत्या, अक्का आणि ती मेंढपाळ बाई. तिनं सरळ विचारलं, तुमचे मालक कशानं गेले? मी आरशात पाहिलं. मला वाटलं अक्का आता गप्प होईल.

अक्का बोलली. छातीत दुखायलंय म्हणून ते सकाळी परभणीला दाखवायला गेले होते. जाताना म्हशींसाठी पेंड भिजवून ठेवली आणि सांगून गेले की मी सांजच्याला येऊन घालतो, तू घालू नको, तू लय पातळ करतीस. त्यावरून ती त्यांच्याशी भांडली. संध्याकाळी निरोपच आला.

"दोन दिवस ती पेंड तशीच ऱ्हायली," अक्का म्हणाली. "आंबून गेली. घरभर वास. मला कुणाला सांगता बी येईना, की मी त्या वासालाच रडायलेय."

 त्या बाईनं आपला हात अक्काच्या गुडघ्यावर ठेवला, एवढं मला दिसलं. पुढं मी आरशात पाहिलं नाही. खड्डे चुकवत, जेवढी सावकाश नेता येईल तेवढी गाडी नेली. वाटेतल्या वाडीवरून वळसा घ्यायचं काही कारण नव्हतं, पण तोही घेतला.

असे आमचे सहा हिवाळे गेले. मग रस्ता सिमेंटचा झाला. दूध संकलनाच्या गाड्याच पेंडीची पोती दारात टाकायला लागल्या, आणि अक्काचे गुडघे पोती मोजायलासुद्धा उभे राहू देईनात. गाडी मंडपवाल्यानं घेतली. लोखंडी खांब वाहायला अशीच कमान हवी होती, असं तो म्हणाला. मी आता शेतात हळद करतो. कधी बाजारात गेलो तर त्या बायकांतली एखादी भेटते. आधी अक्काची चौकशी करते, मग माझी.

मागच्या उन्हाळ्यात अक्कानं हट्ट धरला, येलदरीकडं न्यायचा. मी एकाची जीप मागून आणली. त्या बाईचा कळप आता पोरं सांभाळतात, ती घरीच असते. धरणाच्या अलीकडं त्यांचं घर सापडायला दुपार झाली. अक्का खाली उतरायच्या आत ती बाई अंगणातून काठी टेकत आली. दोघी तिथंच, गाडीच्या दाराशी, एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या.

मी चहा घेतला, तिच्या मुलांशी मेंढरांच्या गोष्टी केल्या, दोनदा निघायचं सुचवून पाहिलं. शेवटी ऊन उतरल्यावर अक्का ओसरीवरूनच म्हणाली, "तू जाय. परवा ये न्यायला." मी पाणी पिऊन निघालो. फाटकापर्यंत आलो तरी त्या दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.