अकरा मंगलाष्टकांत न आलेलं नाव

माझी गाणी लोक उभ्यानं ऐकतात. हातात अक्षता असतात, पाय दुखत असतात, आणि हे कडवं शेवटचं आहे का याकडे सगळ्यांचे कान लागलेले असतात. इतके आतुर श्रोते दुसऱ्या कुठल्या गीतकाराला मिळाले असतील असं मला वाटत नाही.

मी लग्नाची मंगलाष्टकं लिहितो. धंदा नाही, खोड आहे. पोटासाठी जुन्या जालन्यातल्या कापडाच्या दुकानात कापड मोजायचो. गाव माझं कोकणात, समुद्राकाठी. आठवीत शाळा सुटली आणि नात्यातल्या एकाच्या ओळखीनं, गाडी बदलत बदलत, इतक्या लांब येऊन पडलो. स्वभाव काळजीचा. कापड तीनदा मोजायचो. खोलीला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचो आणि परत येऊन ते ओढून बघायचो. अशा माणसाला मंगलाष्टकांसारखं औषध नाही, कारण त्यांत वाईट काही लिहिताच येत नाही. सासू प्रेमळ, नवरा गुणी, संसार सुखाचा. सगळं बरं होणार असं चार ओळी लिहीत बसलं, की तेवढा वेळ आपल्यालाही ते खरं वाटतं.

ही गोष्ट शहाऐंशी-सत्याऐंशीची. ज्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो त्या काका-काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं. काका कचेरीत कारकून, शेती वाटूरला भावांकडे. काकू म्हणजे माझ्यासाठी काय होत्या ते सांगायचं तर एवढंच सांगतो. भाकरी माझ्या घशाखाली उतरत नाही हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं, आणि पुढं पाच वर्षं त्या घरात रोज एका माणसापुरता भात वेगळा शिजला. मला टायफॉइड झाला तेव्हा तर पेज कशी करतात ते त्यांनी मलाच, तापात, विचारून विचारून केली.

याची परतफेड कशानं करणार? भांड्याचा सेट सगळेच देतात. माझ्याकडे देण्यासारखी मंगलाष्टकंच होती, म्हणून ती उत्तम व्हावीत असा मी चंगच बांधला. आता उत्तम म्हणजे काय, तर कोणीही रुसता कामा नये. नातेवाइकांची यादी घ्यायला वही घेऊन काकूंसमोर बसलो. त्या अक्षतांसाठी ज्वारी रंगवत होत्या. इकडं अक्षतांना ज्वारी असते, तांदूळ नाही.

"थोरल्या मामाचं पयले ल्ही," काकू म्हणाल्या. "त्यांना मागं टाकलं तं जेवायचे न्हाईत."

"लिहिलं."

"अंबडच्या मावशीचं घे. तिच्या जावेचंबी घे, न्हाई तं मावशीला सुखानं राहू द्यायची न्हाई ती."

अशी यादी चालली. वारलेले आजोबा आले, शेजारी आले. मंगलाष्टकं आठ असतात हे मला ठाऊक होतं, पण यादी बसेना. माझी अकरा झाली. एका ओळीत एकोणीस अक्षरं, तीही बोटांवर मोजून, कारण वृत्त शिकवतात त्या इयत्तेपर्यंत मी पोचलोच नव्हतो. एक ओळ अजून पाठ आहे, विसरायचा प्रयत्न करूनही: 'मामा तीन उभे तसेच चुलते, आत्या पुसे लोचने'.

लग्नाच्या दिवशी गुरुजींनी बजावलं, "पाच कडव्यांत आटपा, मुहूर्त हाये." मी मान हलवली आणि माइक हातात घेऊन अकराच्या अकरा म्हटली. ज्यांची नावं येऊन गेली ते निवांत झाले, ज्यांची यायची होती ते ताठ उभे. सातव्या कडव्यापासून लोकांनी ज्वारी थोडी थोडी माझ्याच दिशेनं टाकायला सुरुवात केली. नवव्याला गुरुजींनी घड्याळ माझ्या नाकाशी धरलं. मुहूर्त गाठला, पण कसा ते देवालाच माहीत.

पंगतीत नवरीची आत्या समोर बसली होती. "कविराज, मी कधी लोचनं पुसली रे?"

"वृत्तासाठी लागतं, आत्या."

"असू दे. सगळे आले तुझ्या गाण्यात. शेजारचा दाळवाला आला. पोरीची आई कुठं गेली?"

घास हातात राहिला. मनातल्या मनात अकराही कडवी पुन्हा म्हटली. काकू कुठंच नव्हत्या. यादी त्यांनी सांगितली आणि स्वतःला सोडून सांगितली, आणि मी शहाणा तिच्याबाहेर गेलोच नाही.

मग आठवलं, मुलीच्या आईनं मंगलाष्टकं ऐकायची नसतात. ती तेवढा वेळ मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालते. म्हणजे काकूंनी काही ऐकलंच नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी जिलेबी वाढून घेतली.

"कर्णा तं मागच्या लिंबालाच बांधला होता," आत्या म्हणाली. "तुळशीच्या बराबर डोक्यावर."

जिलेबी तशीच राहिली.

मुलीची पाठवणी झाली आणि घर एकदम रिकामं झालं. काकू तुळशीकट्ट्याला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या. पाच वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"काकू, चुकलं माझं. तुमचं नाव राहिलं."

"मी सांगितलंच न्हाई तं तू कुठून ल्हिशील, बाबा?"

"विचारायला पाहिजे होतं. आणि खरं सांगू? मला तुमचं नाव माहीतच नाही."

हे बोलल्यावर मलाच लाज वाटली. पाच वर्षं त्यांच्या हातचा भात खाल्ला होता. काकू मात्र हसल्या. "कोणतं सांगू? इथलं का माहेरचं?"

"तुम्हाला आवडेल ते."

आत काका मंडपवाल्याशी बोलत होते. काकूंनी तिकडं पाहिलं आणि हळूच माहेरचं नाव सांगितलं. "आई होती तंवर घ्यायची. तिच्या मागं कुणी न्हाई घेतलं."

तीन अक्षरं, तिन्ही लांब. ओळीच्या सुरुवातीला नेमकी बसणारी. मी तिथंच बोटं मोजत चार ओळी जुळवल्या. त्यांत भात आला, पेज आली. फार काही ग्रेट नव्हत्या, पण घाईत एकही लोचन पुसलं गेलं नाही. हळू आवाजात, माइकशिवाय म्हटल्या. काकूंनी पुरत्या ऐकल्या. मग म्हणाल्या, "ह्यांचं नाव न्हाई आलं याच्यात."

"बसत नाही काकू. अक्षरं जास्त होतात."

त्यांनी विचार केला.

"ऱ्हाऊ दे मंग," त्या म्हणाल्या. "परत म्हण."