भरलेली गाडी कशी निघते

करजगीच्या घराच्या पायरीवरून अप्पा घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन कलबुर्गीला झालं. तिथून परत गावी न पाठवता मी अप्पा आणि माय दोघांनाही आमच्याकडं बिदरला, नौबादच्या घरी आणलं. मायनं येताना शिलाई मशीन आणली, लोणच्याच्या बरण्या आणल्या, विहारात नेसायच्या पांढऱ्या साड्या आणल्या. अप्पांनी एकच वस्तू आणायला सांगितली होती. ती म्हणजे माळ्यावरचं आगगाडीचं खोकं.

अप्पा खेळणी जपणारा माणूस नव्हे. आयुष्यभर त्यांनी खरं इंजिन चालवलं. कलबुर्गी जिल्ह्यातल्या एका सिमेंटच्या कारखान्यात खाणीतून चुनखडीचे दगड भरून आणणारी छोटी रेल्वे होती, तिचे ते ड्रायव्हर. कारखान्यात नवी भट्टी उभारायला एक परदेशी इंजिनियर आला होता. त्याला रेल्वेचं फार वेड. रोज जेवणाच्या सुट्टीत तो अप्पांच्या शेजारी येऊन बसायचा. अप्पांना त्याची भाषा येत नव्हती आणि त्याला अप्पांची एकही येत नव्हती, तरी दोघांचं जमलं. मायदेशी परत जाताना त्यानं आपल्या खोलीतली मॉडेल रेल्वे अप्पांच्या हातात ठेवली. हिरवं इंजिन, मालगाडीचे चार डबे, गोल जुळणारे रूळ आणि वीज देणारा काळा ट्रान्सफॉर्मर.

माझ्या लहानपणी सुट्टीच्या दिवशी अप्पा ती गाडी जमिनीवर मांडायचे. मला ती फार आवडायची. अप्पांना मात्र तिचं चालणं कधीच पटलं नाही. ट्रान्सफॉर्मरचं बटण फिरवत गेलं की इंजिन आधी नुसतंच गुणगुणायचं आणि मग एकदम उडी मारून धावत सुटायचं. "बेडूक हाय बेडूक," असं म्हणत अप्पा हसायचे आणि ते उचलून ठेवायचे.

नौबादला आल्यावर अप्पा खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायला लागले. डॉक्टरांनी वॉकर धरून रोज चालायला सांगितलं होतं. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, त्यांच्यासमोर अप्पा चार पावलं टाकायचे. त्या गेल्या की पुन्हा खुर्ची.

"अप्पा, जरा चाला की."

"कुठं जायाचंय मला? ड्युटी हाय व्हय?"

मी म्हणायची, माय म्हणायची, शनिवारी कलबुर्गीच्या नोकरीवरून माझा नवरा आला की तोही म्हणायचा. अप्पा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. दुखतं असं त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांना पडायची भीती होती, आणि ते बोलून दाखवण्यापेक्षा बसून राहणं त्यांना सोपं वाटत होतं.

त्यांचा वेळ जावा म्हणून मी एका रविवारी खोकं उघडलं. त्यांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून मागच्या खोलीचं काढून ठेवलेलं जुनं दार आणून हॉलच्या मधोमध दोन बाकांवर आडवं टाकलं. त्यावर रूळ जोडले. मायनं लगेच विचारलं, "आणि आलेगेले पावणे कुठं बसतील?" पण तिनंच ओल्या फडक्यानं दार पुसूनही दिलं.

ट्रान्सफॉर्मर लावला. इंजिन गुणगुणलं आणि उडी मारून सुटलं. पहिल्याच वळणावर शेवटचा डबा आडवा झाला.

"ऱ्हाऊ दे बाई," अप्पा म्हणाले. "त्याची खोड जायाची न्हाई." आणि त्यांनी खुर्ची पुन्हा खिडकीकडं वळवून मागितली.

मी कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये काम करते. बिघडलेलं उपकरण समोर असलं की मला स्वस्थ बसवत नाही. मी फोनवर शोधायला लागले. जगभर म्हातारेकोतारे लोक आपापल्या खोल्यांत अशा गाड्या चालवत बसलेले दिसले. त्यांच्यातल्याच एकाच्या व्हिडिओत मला डिकोडर ही चीज कळली. जुन्या पद्धतीत रुळात जितकी वीज सोडाल तितकं इंजिन पळतं. नव्या पद्धतीत रुळात वीज कायम पूर्ण असते आणि तिच्यातूनच हुकूम जातो. गावात दवंडी सगळ्यांच्याच कानावर पडते, पण ज्याच्यासाठी असते तोच उठतो, तसं. इंजिनात बसवलेली नखाएवढी चिप आपल्या नंबरचा हुकूम ओळखते आणि मोटारीला थोडी थोडी वीज देत चालवते. त्यामुळं इंजिन मुंगीच्या चालीनंही चालू शकतं.

मी अप्पांना विचारलं, "इंजिन उघडू का?"

"उघड की. मी काय, दर रविवारी आमचं उघडतच होतो."

बंगळुरूच्या एका दुकानातून डिकोडर मागवला, सोबत फोनला जोडता येणारा कंट्रोलचा डबाही. ते आल्यावर अप्पांच्या खुर्चीसमोर स्टूल ठेवून मी इंजिनाचं वरचं कवच काढलं. आतलं ग्रीस वाळून गुळाच्या काकवीसारखं चिकट झालं होतं. ते कापसानं पुसून काढण्यात एक दुपार गेली. अप्पा चष्मा पुढं ओढून बघत होते. मोटार दिसल्यावर म्हणाले, "एवढ्याशा जीवानं एवढी वर्सं काढली."

खरी अडचण पुढं होती. जुन्या इंजिनात मोटारीचं एक टोक सरळ लोखंडी सांगाड्याला टेकवलेलं असतं आणि वीज सांगाड्यातूनच येते. डिकोडरला हे चालत नाही. रुळाची वीज आधी चिपमध्ये गेली पाहिजे आणि चिपमधून मोटारीत. मोटार सांगाड्याला कुठंही शिवता कामा नये. मी मोटारीखाली चिकटपट्टी लावली, डिकोडरच्या लाल-काळ्या वायरी चाकांकडच्या पत्र्याला जोडल्या, नारिंगी आणि करडी मोटारीला. मीटर लावून तपासलं, सगळं ठीक होतं. मग मोटार जागेवर स्क्रूनं आवळली, कवच बसवलं, ट्रान्सफॉर्मरच्या जागी कंट्रोलचा डबा रुळाला जोडला आणि गाडी रुळावर ठेवली.

बारीकसा 'चट्' असा आवाज झाला आणि कवचाच्या फटीतून धुराची रेघ वर आली.

माय स्वयंपाकघरातून धावत आली. "काय जळायलंय?"

उघडून बघितलं तर स्क्रू आवळताना त्याच्या टोकानं चिकटपट्टी फाडली होती आणि मोटार पुन्हा सांगाड्याला शिवली होती. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मीटर लावायचा असतो, हे मी लॅबमधल्या मुलांना दर वर्षी सांगते. चिप काळी पडली होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

अप्पांनी हात पुढं केला. मी इंजिन त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं चाक फिरवून बघितलं. चाक फिरत होतं.

"इंजिन जळालं का?"

"नाही. चिप जळाली."

"मग तोंड कामून पाडायलीस? दुसरी मागव."

दुसरी येईपर्यंत मी कॉलेजमधल्या मोडीत निघालेल्या एका मीटरमधून प्लास्टिकचा स्क्रू मागून घेतला. तो लांब होता, ब्लेडनं कापून बेताचा केला. या वेळी मोटार बसवण्याआधी मीटर लावला, बसवल्यावर लावला, कवच चढवायच्या आधी पुन्हा लावला. पुढच्या दिव्याचा जुना बल्ब काढून बारीक एलईडीही बसवला.

गाडी रुळावर ठेवली. धूर नाही. फोनवर दिव्याचं चिन्ह दाबलं आणि उभ्या इंजिनाचा दिवा लागला. आधी तो गाडी धावली तरच लागायचा.

"हां," अप्पा खुर्चीत पुढं सरकले. "उभ्या इंजिनाचा दिवा असाच जळतो."

मी फोनवरची पट्टी अगदी थोडी वर सरकवली. इंजिन निघालं. उडी नाही, गुणगुण नाही. हळूच निघालं आणि दाराच्या कडेकडेनं जायला लागलं. मला वाटलं अप्पा खूश होतील. ते मान हलवत होते.

"चांगलंय. पन हे रिकाम्या गाडीचं निघणं झालं. मागं दगुड भरलेले डबे आसले की अशी निघत न्हाई ती."

"मग कशी निघते?"

अप्पांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली आणि सावकाश ताणली. "आधी पहिला डबा वढला जातो. मग दुसरा. कड्या ताणत ताणत जातात मागं. शेवटच्या डब्याची कडी ताणली की मग कुठं गाडी आपली झाली. तवर हात आखडूनच ठेवायचा."

डिकोडरमध्ये गाडीनं वेग किती सावकाश धरावा, किती सावकाश सोडावा याचे आकडे बदलता येतात. मी आकडा वाढवला. गाडी थांबवून पुन्हा सोडली. "अजून जड," अप्पा म्हणाले. पुन्हा वाढवला. "अजून." शेवटी अशी वेळ आली की हुकूम दिल्यावर गाडी हलते की नाही याची शंका यावी. मग चाक जरासं फिरलं, आणि चारही डबे तिच्यामागून हलले. अप्पांनी डोळे मिटले होते. खुर्चीच्या हातावर ठेवलेली त्यांची मूठ हळूहळू उघडली.

"आता तुम्ही चालवा," मी म्हणाले आणि फोन त्यांना दिला.

ते काही जमलं नाही. अप्पांची बोटं राठ, स्क्रीनला ती कळायचीच नाहीत. ते जोर लावायचे, आणि मग पट्टी एकदम वरपर्यंत जायची. दोनदा तसं झालं. तिसऱ्या वेळी गाडी वळणावरून सुटून दाराच्या कडेवर लटकली. मायनं मेथी निवडता निवडता हात पुढं करून ती अलगद पकडली, रुळावर ठेवली, पदराला हात पुसले आणि अप्पांच्या हातातला फोन घेतला.

"द्या हिकडं."

दिवसभर फोनवर व्हिडिओ बघून मायचा अंगठा तयार झालेला. तिनं पट्टी अशी सरकवली की गाडी निघाली कधी तेच कळलं नाही. एक फेरी झाली. दुसरी झाली. आम्ही दोघं बघत राहिलो.

"बरी चालवायलीस," अप्पा म्हणाले.

"का चालवू न्हाई? एवढी वर्सं तुमचा डबा घिऊन खाणीपातूर यायची, कदी म्हनलात का, ये, बस इंजिनात?"

"कायदा नव्हता. बाईमान्साला चढू द्यायचे न्हाईत."

"त्या साहेबाला बरं चढू द्यायचे."

अप्पा मिशीत हसले. मग म्हणाले, "बरं मग आता तू डायवर, मी गार्ड. वळणावर जरा दम धर, मागचा डबा झोल खायलाय."

त्या दिवसापासून दुपारचा चहा झाला की दोघांचं सुरू व्हायचं. मी कॉलेजातून यायची तेव्हा माय दाराच्या एका टोकाला खुर्ची टाकून बसलेली, अप्पा खिडकीपाशी. पण खिडकीपाशी बसून दाराच्या पलीकडच्या कडेचं नीट दिसत नव्हतं. गाडी तिकडं गेली की माय ती थांबवायची.

"कामून थांबली?"

"काय म्हाईत. येऊन बगा."

पहिल्या दिवशी अप्पांनी मला हाक मारून बघायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी घरी नव्हते. त्या दिवशी ते वॉकर घेऊन उठले आणि पलीकडं गेले. पोचेपर्यंत गाडी सुरू झाली होती आणि अलीकडं येत होती. तिच्या मागं मागं तेही आले. हे मला मायनं संध्याकाळी भाकरी थापता थापता सांगितलं, हसू दाबत.

मग मी स्वतःच बघितलं. मायनं गाडी इतकी सावकाश सोडलेली की डबे हलतायत का थांबलेत ते निरखून बघावं लागत होतं. तिच्याबरोबर, वॉकर पुढं ठेवत, अप्पा दाराच्या कडेनं फेरी घालत होते. त्यांची नजर डब्यांच्या कड्यांवर होती, पायांवर नव्हती. गाडी त्यांच्यापुढं गेली की माय वेग कमी करायची, ते पुढं गेले की वाढवायची. एक फेरी पूर्ण झाली. दुसरी अर्धी झाली आणि अप्पा एकदम थांबले.

"का गं, तू गाडी चालवायलीस का मला चालवायलीस?"

मायनं फोनवरून मान वर केली नाही. "गार्डानं गाडीसंगं चालावं. बसून ऱ्हाणारा गार्ड कुठं आसतो?"

आता अप्पा चिडणार असं मला वाटलं. ते वॉकरवर रेलून गदागदा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पाणी द्यावं लागलं. मग पाण्याचा पेला माझ्याकडं देऊन म्हणाले, "चल, सोड." आणि उरलेली अर्धी फेरी त्यांनी पुरी केली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा अप्पांना उठताना बघून कन्नडमध्ये म्हणाल्या, "अप्पाजी, कुणाचं औषध घेताय?" अप्पांनी मायकडं हनुवटी केली. बाईंना वाटलं, घरगुती काढा असेल. त्या कृतीही विचारायला लागल्या. मायनं त्यांना गाडीच चालवून दाखवली.

आता अप्पा काठी घेऊन चालतात. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात, दुकानदाराशी दख्खनीत गप्पा मारून परत येतात. रविवारी मायबरोबर विहारात जातात आणि येताना दोघं भांडत येतात, कारण माय भरभर चालते. दार अजून हॉलमध्येच आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना त्याच्याभोवती बसवतो आणि चहाचे कप रुळांच्या आत ठेवतो. मागच्या आठवड्यात कोहिनूर गावाहून मायचा भाऊ आला होता. त्यानं चहा पिता पिता विचारलं, "भावजी, ही गाडी जाती कुठं?"

"कुठंबी न्हाई," अप्पा म्हणाले. "पन टायमावर जाती."