सौर कौले आणि दक्षिण बाजूचे ऊन

आमच्या सोसायटीत सौर कौले बसायला अकरा महिने लागले. त्यांचे किस्से मात्र पहिल्याच आठवड्यात बसले आणि कौलांसारखेच एकावर एक चढत गेले. आता कोणाकडेही चहाला जावे, तर एखादा किस्सा निघतोच आणि दर वेळी त्यात थोडी भर पडलेली असते. तेव्हा निदान मूळ प्रत तरी आपल्याजवळ असावी, असे ठरवले. यांतील काही घटनांचा मी साक्षीदार आहे. बहुतेकांचे कारण मीच आहे.

होटगी रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची बारा घरांची सोसायटी आहे. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले, प्रकल्पाचा विषय सौरघट. गच्चीवर वेगळी पॅनेल लावण्याऐवजी छपराची कौलेच वीज तयार करतात, ही कल्पना मला इतकी देखणी वाटली की मी ती घरोघर सांगत सुटलो. माझ्या शब्दावर तीन घरे तयार झाली. एक आमचे, म्हणजे आई आणि मी. दुसरे शेजारच्या बसवराज अप्पांचे. त्यांचे नवी पेठेत चादरींचे दुकान आहे. तिसरे मोहिते मामांचे. ते श्रीपूरला साखर कारखान्यात वायरमन होते, आता निवृत्त आहेत.

*

सुरुवात फलकावरच्या सूचनेने झाली. मी सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘सौर कौल. इच्छुकांनी रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर जमावे.’

रविवारी सर्वांत आधी अप्पांच्या घरच्या काकू आल्या. नवी साडी, हातात ताट, ताटात नारळ आणि फुले.

“गुरव कुठायत?” त्यांनी विचारले.

“कशाला, काकू?”

“कौल लावायचाय म्हणालास की. सूर्यदेवाला. आमच्याकडं फुलं लावून लावतात, तुमच्याकडं कसं?”

मी अत्यंत नम्रपणे खुलासा केला : देवाचा तो कौल पुल्लिंगी, छपरावरचे ते कौल नपुंसकलिंगी, सूचनेत अभिप्रेत आहे ते दुसरे. काकूंनी पूर्ण ऐकून घेतले.

“मग टाइल म्हणायचं की,” त्या म्हणाल्या आणि नारळ तिथेच फोडला.

*

मी सूचना पुसून ‘सोलर टाइल्स’ असे लिहिले. आमच्या भागात टाइल म्हणजे फरशी, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी मोहिते मामांनी मला फाटकापाशी गाठले. “प्रसादराव, एक शंका हाय. ही टाइल वल्ल्या पायानं तुडवली तर?”

“तुडवायची नाही, मामा. ती छपरावर असते.”

“मग टाइल का म्हनता? तीस वर्सं करंट हाताळलाय मी. पायाखालनं कदी घेतला न्हाय.”

अखेर मी तिसऱ्यांदा सूचना लिहिली : ‘सौरऊर्जानिर्मितीक्षम छत-आच्छादन’. शंका पूर्ण थांबल्या. पुढच्या सभेला माणसेही आली नाहीत.

*

कंपनीने नमुन्यादाखल एक कौल पाठवले. ते अप्पांकडे ठेवायचे ठरले, कारण जपून ठेवण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका विश्वासू माणूस सोसायटीत नाही. महिन्याभराने त्यांनी मला दुकानात बोलावले.

“प्रसाद, तुझं ते कौल खोटं निघालं बघ.”

“काय झालं, अप्पा?”

“काहीच झालं नाही, तेच सांगतोय. महिना झाला. एवढासा दिवासुद्धा पेटला नाही.”

मी विचारले, कौल आहे कुठे. अप्पांनी लोखंडी कपाट उघडले, त्यातून एक घडी काढली, घडीतून दुसरी, आणि दोन चादरींच्या आतून ते कौल काढले. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

“अप्पा, याला ऊन लागतं.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. चाळीस वर्षे चादरी विकलेला माणूस होता तो. “ऊन दाखवायचं? अरे, रंग जाईल की.”

*

आता जरा अवघड किस्सा. मी मागणी नोंदवण्यापूर्वी पूर्ण अभ्यास केला होता. सोलापूरचे अक्षांश, महिन्यागणिक सूर्याची उंची, शेजारच्या तीन टाक्यांच्या आणि कोपऱ्यावरच्या लिंबाच्या सावल्या, हे सर्व एका वहीत आलेखांसह मांडले होते. मोजणीसाठी कंपनीतर्फे पुण्याहून एक तरुण अभियंता आल्या. त्यांनी वही चाळली, माझे कौतुक केले आणि आमच्या गच्चीवर गेल्या. मीही गेलो. आई तिथे होतीच. मामा आणि अप्पा आमच्या मागोमाग चढले.

“छान,” त्या चारही बाजूंना पाहत म्हणाल्या. “छप्पर कुठं आहे?”

“हेच.”

“ही गच्ची आहे. सपाट आहे. कौलांना उतार लागतो.”

बाराही घरांवर सपाट स्लॅब होता. तो मी लहानपणापासून रोज पाहत होतो.

मग मामा म्हणाले, “पोरानं सूर्याचा कोन काडला. घराचा काडायचा ऱ्हायला.”

उपाय निघाला. गच्चीच्या अर्ध्या भागावर लोखंडी सांगाडा उभारायचा. एका कडेला कमरेएवढा, दुसऱ्या कडेला खांद्याएवढा, आणि त्यावर कौले. म्हणजे छपरावर कौले नव्हे, तर कौलांसाठी छप्पर. सांगाडा दक्षिणेच्या अर्ध्या भागात हवा होता. तिथेच ऊन पूर्ण मिळते.

“ती बाजू भाकरीची आहे,” आई एवढेच म्हणाली.

याचा अर्थ अभियंता बाईंना कळला नाही. मला कळला. बाबा गेल्यापासून आई ज्वारीच्या पातळ भाकरी करते, तव्यावर भाजते आणि गच्चीच्या दक्षिण बाजूला उन्हात कडक वाळवते. त्या कुरियरने पुण्यापर्यंत जातात. माझे एम.एस्सी. त्याच बाजूवर वाळले आहे.

मागे फिरावे, असे मला त्या क्षणी वाटले. पण अप्पा आणि मामा माझ्या शब्दावर थांबले होते. आईनेच अभियंता बाईंना विचारले, “माझ्याकडं उत्तरेची बाजू राहते ना?” आणि खाली चहा टाकायला गेली.

*

आईचे ऊन एक तासही कमी होणार नाही, असे मी तिला वचन दिले. त्यासाठी नवा तक्ता केला : उत्तर बाजूवर कोणत्या महिन्यात किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ऊन असते. तो स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला.

कौले बसली ऐन थंडीत. पहिल्या दिवशी घरातले दिवे कौलांच्या विजेवर लागले, अप्पांनी पेढे वाटले, मामांनी सर्व जोडण्या स्वतः तपासून “काम बरं हाय” असा शेरा दिला. मला फार समाधान वाटले.

आठवड्याभरात पुण्याहून आईला एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मी ऐकला. “ताई, चव तीच आहे हो. पण या वेळी भाकरी दुमडली.”

कडक भाकरी दुमडली. आई तक्त्यापुढे जाऊन उभी राहिली आणि बोटाने एकेक ओळ वाचत गेली.

“टाकीची सावली धरलीस. लिंबाची धरलीस,” ती म्हणाली. “कौलांना सावली नसती व्हय रे?”

खांद्याएवढी उंच कड उत्तरेकडे होती. तिची सावली थंडीत उत्तर बाजूवर, नेमकी भाकरी मांडायच्या जागेवर पडत होती. मी वही उघडून पाहिली. खरोखरच धरली नव्हती.

त्या महिन्यात आणखी दोन ठिकाणांहून असेच फोन आले. तिसऱ्या बाईंनी तर पुढच्या वेळी मागवायचे का ते बघून सांगते, असे म्हटले. मी गच्चीवर जायचे बंद केले. विजेचा सर्व तपशील मोबाइलवर दिसतो, वर जाण्याची आवश्यकता नाही, असे मी स्वतःला सांगत असे. खरे कारण असे की त्या बाजूकडे पाहण्याचे मला धैर्य होत नव्हते.

*

संक्रांतीनंतर मोबाइलवरच्या आलेखात एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. सकाळी वीज अपेक्षेपेक्षा जास्त. बरोबर अकराला ती पायरी उतरल्यासारखी खाली येई. तीन वाजता पुन्हा वर. अप्पांची आणि मामांची कौले मात्र दिवसभर सुरळीत चालत होती.

मी नऊ दिवस नोंदी ठेवल्या. तापमानाचा परिणाम, इन्व्हर्टरचा दोष, घटांतील विसंगती अशा शक्यता विचारात घेऊन तीन पानी टिपण तयार केले. सकाळच्या वाढीव विजेचे श्रेय कौलांच्या उत्कृष्ट दर्जाला दिले. टिपण मामांनाही दाखवले. त्यांनी चष्मा लावून तिन्ही पाने वाचली.

“वर जाऊन बगितलंस का?”

“अजून नाही.”

“मग हे काय लिवलंय?”

कंपनीनेही तेच विचारले, फक्त शुद्ध भाषेत : भर दुपारचे छायाचित्र जोडावे. म्हणून दहाव्या दिवशी बारा वाजता मी महिन्याभराने प्रथमच गच्चीवर गेलो.

कौलांच्या खालच्या चार ओळींवर भाकरी मांडलेल्या होत्या. गोल, एकसारख्या, एकीला एक न चिकटवता. आई कमरेएवढ्या कडेशी ताठ उभी राहून एकेक पालटत होती. खांद्यावर ओले फडके होते.

“ये,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुला ठाऊक असंल.”

“आई, हे कधीपासून?”

“संक्रांतीपासून की. सकाळी फडक्यानं पुसून घेते, अकराला घालते, तीनला काढते. काच लई तापती बघ. दोन दिवसांचं काम चार तासांत होतं. आणि वाकावं लागत न्हाई.” तिने एका भाकरीची कड दाखवली. दोन कौलांच्या जोडावर ती नेमकी अडली होती. “घसरत पण न्हाई. तुझ्या कंपनीनं डोकं लावलंय.”

तिने एक भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी ती दुमडून पाहिली. कट्कन मोडली.

“पुण्याच्या त्या बाईंनी दुप्पट मागितल्यात,” आई दुसरी पालटत म्हणाली.

मी छायाचित्र काढले. मग खाली जाऊन कंपनीचा अर्ज भरला. त्यात एक रकाना होता : कौलांवर सावली पाडणाऱ्या अडथळ्याचा प्रकार. पर्याय होते झाड, इमारत, टाकी, इतर. ‘इतर’ निवडल्यास नेमका उल्लेख करावा, अशी सूचना होती. चुकीची माहिती देणे मला योग्य वाटेना. मी ‘इतर’ निवडले आणि लिहिले : ज्वारीची भाकरी.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. आई गच्चीवरच होती, म्हणून मी ते वर जाऊन तिला वाचून दाखवले.

“महोदय, आपल्या निवासस्थानी आढळलेल्या ‘ज्वारीची भाकरी’ या अडथळ्याची नोंद घेण्यात आली आहे. कृपया तिच्या फांद्या दर सहा महिन्यांनी छाटाव्यात आणि मुळे कौलांच्या जोडांत शिरणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.”

आईने हातातली भाकरी पालटली, जोडावर नीट अडकवली.

“सहा महिने कशाला?” ती म्हणाली. “कळव त्यांना, रोज तीनला छाटते.”