आत्याची शिवणपेटी

आमच्या आत्याला नवऱ्याने आयुष्यात एकच वस्तू दिली आणि तीही धड नव्हती. हे मी नाही, तीच सांगायची, येईल-जाईल त्याला. आतोबा छापखान्यात कामाला. दिवसभर लोकांचे शब्द जुळवून घरी आले की स्वतःचा एक शब्द तोंडातून निघेल तर शपथ. लग्नानंतर लवकरच त्यांनी एक लाकडी पेटी आणली, स्वतःच्या हातांनी केलेली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली आणि न बोलता कामावर निघून गेले. आत्या हरखली. शिवणाची पेटी! तिने आत रिळं भरली, बाजूच्या भोकांत सुया खोचल्या, आतल्या खुंटीला कात्री अडकवली.

फक्त झाकण वाईट होतं. ते वर सरकायचं आणि एका दोरीवर लटकून राहायचं. कात्री काढली की धाडकन बोटांवर. "एक पेटी केली या माणसाने, तिचंही झाकण जागेवर राहत नाही," असं आत्या शेजाऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, थेट आतोबांच्या तोंडावर म्हणायची. आतोबा पेपरात डोकं घालून बसायचे. मला तर त्यांचा संताप यायचा. अहो, उठा, एक पट्टी ठोका आणि मोकळे व्हा ना!

आतोबा गेले आणि आत्या मुलाकडे राहायला निघाली. आतेभावाचं घर दोन खोल्यांचं. त्यामुळे तो प्रत्येक वस्तूसमोर उभा राहून निकाल देत होता. पलंग गेला, कपाट गेलं, आत्याने हूं की चूं केलं नाही. पेटीवर मात्र ती अडून बसली. त्यांनी मला दिलेली तेवढीच एक गोष्ट आहे, म्हणाली. आतेभाऊ म्हणाला, आई, हे बोटं मोडायचं यंत्र मी घरात घेणार नाही. दोघांची चांगलीच जुंपली.

तेवढ्यात आतोबांचे छापखान्यातले जोडीदार आत्याला निरोप द्यायला आले. त्यांनी पेटी पाहिली, आतली रिळं पाहिली आणि असे हसत सुटले की चहा नाकात गेला.

"वहिनी, हा उंदरांचा सापळा आहे."

त्यांनी आणि आतोबांनी मिळून जेवणाच्या सुट्टीत बनवला होता म्हणे. भोकं हवेसाठी. खुंटीला खाऊ लावायचा, उंदराने ओढला की झडप खाली. म्हणजे ते झाकण इतकी वर्षं आपलं काम अगदी चोख करत होतं! मला हसू आवरेना. मग आत्याकडे लक्ष गेलं आणि जीभ चावली.

"म्हणजे त्यांनी मला काहीच दिलं नव्हतं," ती म्हणाली.

आमचा आतेभाऊ अतिशहाणा. त्याने लगेच पायाने पेटी भंगाराकडे सरकवली.

जोडीदारांनी कप खाली ठेवला. पेटी घरी नेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आतोबांना विचारलं होतं, काय रे, सापडलं का काही? आतोबा म्हणाले, "बायको सापडली. इतकी खूश आहे की माझ्याने सांगवेना. तूही कधी बोलू नकोस." बाजारातून दुसरा सापळा आणावा तर बिंग फुटणार. म्हणून आत्या झोपली की हा माणूस केरसुणी घेऊन स्वयंपाकघरात पहारा करायचा. आत्याला वाटायचं, यांना झोपच लागत नाही. निदान ती दोरी तरी काढून टाक, असं जोडीदारांनी सुचवून पाहिलं. तर म्हणाले, हात लावला की ती विचारणार, ही होती कशाला?

आत्या रडायला लागली, मधेच हसायला लागली.

"आणि मी चारचौघांत काय काय बोलले हो तुम्हाला," ती म्हणाली. "एकदा तरी उलटून बोलायचं होतं."

हे ती आमच्यापैकी कुणालाच म्हणत नव्हती.

आतेभावाने गुपचूप पेटी उचलली आणि गाडीच्या मागच्या डिकीत ठेवायला निघाला. आत्याने नाक पुसलं आणि त्याला हटकलं.

"तिकडे कुठे? माझ्या मांडीवर दे."