मोडल्या तोरणाखालून

"ए वस्तीवाल्यायहो, मांगं सरका! आधी गावाचे बैल!"

पोळ्याच्या दिवशी. माइकवरून. सगळ्या गावासमोर. एका बैलाचा कासरा बापाच्या हाती, दुसऱ्याचा माह्या. भाऊ नाही ना मले, म्हणून मी. शिंगायले बेगड मीच लावली होती, काय चमकत होती!

मी वरडली, "आमी काय दुसऱ्या गावचे हाओ काय?"

माइकवर पाटलाचा पोरगा. "तुमचं कुठी गाव असते वं? तळं खोदाले आलते, जायाचं भुलले!"

सगळे हासले. अन् माहा बाप बी हासला. हात जोडून. गाव हासलं त्याचं एवढं नाही लागलं. बापाच्या त्या हासण्यानं मान वर होईना माही.

थांबा, वस्तीचं सांगते. दुष्काळात तळ्याचं काम निघालं, तवा माहा आजा अन् त्याच्यासंगचे लोक कुठून कुठून आले. टोपल्यानं माती वाहली, भिंत बांधली. काम सरलं. मांगं गावी काही राह्यलंच नव्हतं, म्हणून तळ्याकाठी मुरमाड टेकडीवर झोपड्या टाकल्या. तीच आमची वस्ती. इकडून तळं, तिकडून नाला. डांबरी सडक गावातच संपते, पुढं पायवाट. नकाशात नाव नाही. त्याच तळ्याच्या पाझरानं गावाच्या विहिरी भरतात, गाववाल्यायचे वांगे-मिरच्या धाड गावच्या बाजारात जातात. कॉलेजात कोनी इचारलं तं मी बी गावाचंच नाव सांगे. वस्तीचं नाव तोंडातून निंघतच नव्हतं.

पोळ्याची रीत कशी, मानाचा बैल आंब्याच्या पानायचं तोरण तोडते. मंग गावाचे बैल पळतात. शेवटी आमचे. आमी जातो तवा वर काहीच नसते. पानं खाली, चेंदामेंदा. दरसाल बाप त्याच्यावरून बैल नेते अन् घरी येऊन म्हनते, "झाला पोळा."

यंदा मी बैल मांगं फिरवला.

"पोरी, सनाचा बैल असा फिरवत नाही."

"पुढं काय हाय बाबा आपल्यासाठी?"

त्यानं माह्या हातातून कासरा घेतला. दोन्ही बैल धरून पुन्हा उभा राह्यला. सगळ्यात मांगं. मी एकटीच नाला वलांडून घरी आली.

येत्या पोळ्याले वस्तीत तोरण लागन. मी बांधीन. बाप ते तोडाले बैल देनार नाही, माहीत हाय मले. म्हणून पायवाटेवरच बांधीन, आडवं. गावात हात जोडाले जायाचं असन, तं त्याले बैल घेऊन आधी माह्या तोरणाखालून जा लागन.